कमी खाणारा दिवा

सकाळचे साडेआठ, म्हणजे येलिवारेत अजून रात्रच.
खाणीच्या रस्त्याला वळताना
मी डावीकडचा इंडिकेटर देते
आणि तो सुटतो धापा टाकत,
टिकटिकटिकटिक,
जसं काही गाडीच्या मागे कुणी लागलंय.

तूरेनं नाताळात बसवून दिले हे एलईडी.
"आई, तुझे बल्ब सारखे जातात. हे जन्माला पुरतील."
कोणाच्या जन्माला, ते बोलला नाही.
मागचा उजवा तर आधी पेटलाच नाही;
काढून, अर्धा फिरवून, उलटा खोचला तेव्हा लागला.
जुन्या बल्बला उलटसुलट काही नसायचं,
तार भेटली की झालं.

मग टपालानं रेझिस्टर आले, सोनेरी, अंगठ्याएवढे.
ते जोडल्यावर धाप थांबली. आठवडाभर.
मॅर्ताच्या पायाची जखम धुवायला गेले
तेव्हा चारही दिवे लुकलुकत ठेवले, रस्ता अरुंद म्हणून.
पट्टी बांधून परतले तर
बर्फात जळक्या प्लास्टिकचा वास
आणि डिकीच्या आतलं अस्तर
वितळून तोंड वाकडं करून बसलेलं.
उपटून टाकले दोन्ही. पुन्हा धाप.

एलोफकडे माझी फेरी गुरुवारी.
वय ब्याऐंशी, एकेचाळीस वर्षं खाणीत वायरमन.
दंडाला पट्टा बांधू देईना. म्हणाला, आधी गाडी.
लांबूनच आवाज ऐकला होता त्यानं.

उणे एकवीस.
तो आडवा झाला, पाय दाराबाहेर,
डोकं पेडलांपाशी, माझा टॉर्च दातांत,
आणि तसाच बोलत राहिला. जेवढं कळलं तेवढं असं:

रिलेला दिवा दिसत नाही.
दिवा किती ओढतो, तेवढंच त्याला कळतं.
ओढ कमी झाली की घाईनं टिकटिकायचं,
एक दिवा मेला, मालक, एक दिवा मेला.
तुझा हा नवा खातो चिमणीएवढं.
पेटलाय, डोळे दिपतील असा पेटलाय,
पण याच्या हिशेबी मेला.
मग तू त्याच्या शेजारी एक खादाड आणून बसवलास.
उजेड नाही, काम नाही,
नुसतं खायचं आणि तापायचं,
हे जिवंत आहेत एवढं पटवायला.
उसनं अवसान, गुनवोर. त्यानंच अस्तर जाळलं.

टॉर्च तोंडातून काढला.
"मागच्या हिवाळ्यात वीज कंपनीचा पोरगा आला होता.
मीटर जेमतेम फिरतं म्हणे तुमचं.
घर रिकामं आहे का, बघायला आला.
दार मीच उघडलं."

"मग?"

"मग काय. कॉफी दिली त्याला.
जास्तीचा हीटर मात्र लावला नाही."

स्वयंपाकघरातल्या खणात, सुतळी आणि औषधांच्या मधे,
त्याच्याकडे होता एक इलेक्ट्रॉनिक रिले,
ओढ न मोजता नुसतं घड्याळ पाळणारा.
खटकन बसला.
टिक.
टिक.
आम्ही दोघं उगाच ऐकत उभे राहिलो,
चहाला आधण यावं इतका वेळ.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण फेब्रुवारीत वादळ आलं
आणि पंपावर मागून एक ट्रकवाला उतरून आला,
बाई, वळताना हात तरी दाखवत जा.
मागे जाऊन बघते तर दोन्ही दिवे बर्फानं लिंपलेले,
आत उजेड चाललेला, नियमित, कुणालाच न दिसणारा.
जुना बल्ब खाल्लेलं निम्म्याहून जास्त
उबेत उधळायचा;
त्या उधळपट्टीवर काच मोकळी राहायची
आणि मला वाटायचं, ती आपोआप राहते.

एलोफला सांगितलं.
"माहीत होतं," म्हणाला.
"मग बोलला का नाहीस?"
त्यानं बाही वर केली, दंड पुढे केला.
घरात गारवा होता. माझा श्वास दिसत होता मला.
एकशे अडतीसवर ब्याऐंशी. लिहून घेतलं,
आणि न विचारता शेगडीत दोन ओंडके टाकले.
तो काही बोलला नाही.

आता दर मुक्कामी उतरते,
हातमोज्यानं पुसते, आधी डावा, मग उजवा,
आणि मग पुढच्या घराची घंटा वाजवते.